बिघाड नेमका कुठे आहे?

विजयादशमीला कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटायला गर्दी जमते. या सोहळ्याला छत्रपतींची जुनी मायबाख मोटारही येते. ही जर्मन गाडी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३६ च्या सुमाराची आहे. मायबाखचा कारखाना १९०९ साली सुरू झाला तो झेपेलिन वायुनौकांची इंजिने बनवण्यासाठी. ती गाडी पाहताना आम्हांला एक प्रश्न पडतो. त्या काळी अशी गाडी बिघडली, तर तिचे दुखणे ओळखायचे कोणी? कारखाना सातासमुद्रापार, सुटे भाग बोटीने येणार. चुकीचा भाग मागवला, तर पैसा आणि कित्येक आठवडे वाया. म्हणून आधी निदान आणि मग पाना!

कोल्हापूरच्या मेस्त्रींचे हात नुसत्या मोटारींवर तयार झाले नाहीत. उसाला नदीचे पाणी देण्यासाठी इथे तेलावर चालणारी परदेशी इंजिने आली होती. ऐन उन्हाळ्यात इंजिन थांबले, तर ऊस वाळायचा. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा मोडलेला भाग मोजून, त्याचा साचा करून तो इथेच ओतण्याला जोर आला. म्हादबा मेस्त्री यांचे नाव कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाच्या आरंभाशी आदराने जोडले जाते. दुरुस्तीतून उद्योग वाढला. आज इथले ओतीव भाग देशातल्या वाहन कारखान्यांना जातात. पण नवा भाग ओतण्यापूर्वी जुना का मोडला, हे कळावे लागते. नाहीतर नवाही मोडतो.

हे कसे कळते? फियाट ११०० चे उदाहरण घेऊ. कुर्ल्यात बनणारी ही गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी नावाने घरोघर माहीत झाली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर. इंजिन अडखळते आहे, पण दोष कोणत्या सिलिंडरचा? मेस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहत. चांगल्या सिलिंडरची वायर काढली, की इंजिन आणखी मंदावते. जिची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता!

आता त्या सिलिंडरातला दाब मोजायचा. दाब कमी भरला, तर हवा पिस्टनच्या रिंगांकडून निसटते, की व्हॉल्व्हमधून? सिलिंडरात चमचाभर तेल सोडून दाब पुन्हा मोजतात. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला, तर रिंगा झिजल्या. वाढला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर. चमचाभर तेलाने इंजिन उगाच खोलण्याचा खर्च वाचतो.

कधी इंजिन जोरात फिरते, पण चढावर गाडीचा वेग वाढत नाही. मालक म्हणतो, ‘इंजिन दमलं.’ मेस्त्री सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडतो. इंजिन बंद पडायला हवे. ते फिरतच राहिले, तर घसरतो आहे तो क्लच. इंजिन बिचारे निर्दोष!

आवाजाचेही तसेच. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच दाबताच घरघर थांबली, तर संशय गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर, कारण आता इंजिन त्याला फिरवत नाही. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर संशय क्लचच्या बेअरिंगवर.

पुढे गाडीत संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना दोष नोंदवणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली. भारतात अशी यंत्रणा २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. आता स्कॅनर ‘पी०३०३’ असा संकेत दाखवतो. अर्थ एवढाच, की तिसऱ्या सिलिंडरात ज्वलन नीट होत नाही. का होत नाही, हे तो सांगत नाही. प्लग, इंधन, व्हॉल्व्ह की रिंग, हा शोध माणसालाच घ्यावा लागतो. संकेत दिसला म्हणून भाग बदलत सुटणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, बिघाड तसाच राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि काय फरक पडतो ते पाहा. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो. शाळेची पायरी क्वचितच चढलेल्या कित्येक मेस्त्रींनी ते काळ्या हातांनी शिकून पुढच्या पिढीला दिले. जुन्या गाड्या कमी होत आहेत आणि त्या जाणणारे हातही. तेव्हा जवळच्या गॅरेजमध्ये वर्ग एकदा जरूर न्यावा. मेस्त्रींना एकच विचारायला सांगावे: ‘हे तुम्ही कशावरून ओळखलंत?’