वाहनाची ओढक्षमता

वाहनाची ओढक्षमता म्हणजे एखादे मोटार वाहन मागे जोडलेले जास्तीत जास्त किती वजन सुरक्षितपणे ओढू, चढावर नेऊ, उतारावर आवरू आणि थांबवू शकते याचे माप होय. ते किलोग्रॅम किंवा टनांत सांगितले जाते. मागे जोडल्या जाणाऱ्या, स्वतःचे इंजिन नसलेल्या वाहनास अनुयान किंवा ट्रेलर म्हणतात. शेतीच्या वापरात त्यालाच ट्रॉली हे नाव रूढ आहे. ओढक्षमता केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरत नाही. चाकांची पकड, ब्रेक, जोडणी, चासी आणि टायर यांपैकी जो घटक सर्वांत दुर्बळ असेल, त्याची मर्यादा हीच संपूर्ण जोडीची मर्यादा असते.

अमेरिका व ऑस्ट्रेलियात पिकअप ट्रकमागे नौका, फिरती घरे आणि जनावरांचे ट्रेलर जोडले जातात. भारतात पिकअपचा उपयोग मुख्यतः हौद्यातून माल नेण्यासाठी होतो. ओढण्याचे काम प्रामुख्याने ट्रॅक्टर करतो. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचा सपाट प्रदेश आणि सातपुड्यातील घाटरस्ते एकमेकांस लागून असल्याने ओढक्षमतेचा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

संज्ञा

• रिकामे वजन – माल व प्रवासी नसताना वाहनाचे वजन.
• भारक्षमता – वाहनाने स्वतःच्या अंगावर वाहण्याचे कमाल वजन. चालक, प्रवासी व हौद्यातील माल यात मोजले जातात.
• एकूण वाहन वजन – वाहन व त्यावरील भार यांचे नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेले कमाल वजन.
• एकूण संयुक्त वजन – ओढणारे वाहन, ट्रेलर आणि दोन्हींवरील भार यांचे मिळून कमाल वजन.
• जोडणीभार – ट्रेलरचा जो भार जोडणीवर उभा दाबतो तो.

वजनाचा हिशेब

समजा, एका पिकअपचे एकूण संयुक्त वजन ६,००० किलोग्रॅम, रिकामे वजन २,१०० किलोग्रॅम आणि चालक, प्रवासी व माल मिळून ७०० किलोग्रॅम आहे. मग भरलेल्या ट्रेलरसाठी ३,२०० किलोग्रॅम उरतात. ट्रेलर स्वतः ८०० किलोग्रॅमचा असेल, तर त्यात २,४०० किलोग्रॅमपेक्षा अधिक माल घालता येत नाही. उत्पादकाने ओढक्षमतेची याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी लागते.

पिकअपमागील ट्रेलरचा जोडणीभार त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ठेवला जातो. २,००० किलोग्रॅमच्या ट्रेलरसाठी तो २०० ते ३०० किलोग्रॅम होतो आणि पिकअपच्या भारक्षमतेतून वजा करावा लागतो. माल मागे रचल्याने जोडणीभार कमी झाला, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे घेतो. तो फार वाढला, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचा ताबा कमी होतो.

चढ, उतार आणि पकड

सपाट डांबरी रस्त्यावर वजन ओढण्यास लागणारे बल तुलनेने अल्प असते. चढावर ते झपाट्याने वाढते. उदाहरणार्थ, २ टनांचा ट्रॅक्टर ८ टन वजनाची भरलेली चारचाकी ट्रॉली ओढत आहे, म्हणजे एकूण वजन १०,००० किलोग्रॅम आहे, असे मानू.

• सपाट डांबरी रस्ता (वजनाच्या सुमारे १.५ टक्के रोध): १५० किलोग्रॅम-बल
• १५ मीटरमागे १ मीटर चढ असलेला डांबरी रस्ता: सुमारे ८२० किलोग्रॅम-बल

ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर १,३०० किलोग्रॅम भार असल्यास कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७) त्यांना सुमारे ९१० किलोग्रॅम-बलाची पकड मिळते, ओल्या रस्त्यावर (घर्षणांक ०.४) ती ५२० इतकीच उरते. म्हणजे कोरड्या दिवशी कसाबसा चढणारा ट्रॅक्टर पावसात त्याच चढावर जागीच चाके फिरवतो. इंजिन अधिक शक्तीचे असले तरी यात फरक पडत नाही.

उतारावर धोका याहून मोठा असतो. त्याच उतारावर वाहनजोडीचा वेग वाढू न देण्यासाठीच सुमारे ५२० किलोग्रॅम-बल लागते. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसतील, तर ओल्या रस्त्यावर मागील चाकांची सगळी पकड यातच खर्ची पडते आणि थांबण्यासाठी काहीही शिल्लक राहत नाही. इंजिनाचा रोधही त्याच चाकांमार्फत काम करतो. त्यामुळे त्याने ही मर्यादा वाढत नाही. चाके घसरू लागताच ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि जोडणीपाशी वाहनजोडी दुमडते. यास्तव जी ट्रॉली चढावर ओढता येते, ती उतारावर आवरता येईलच असे नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील वापर

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. शहादा, तळोदा व नंदुरबार तालुक्यांच्या तापी खोऱ्यातील भागात ऊस, केळी, पपई, कापूस आणि मिरची ही पिके घेतली जातात. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर येथे, तर नवापूर तालुक्यात डोकारे येथे सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात ऊस बैलगाडी, ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने वाहिला जातो. शेतातून मुख्य रस्त्यापर्यंतच्या मऊ मातीच्या वाटेवर चाके रुतत असल्याने रोध डांबरी रस्त्याच्या कित्येक पट होतो. शेतातच ट्रॉली पूर्ण भरली की हा पहिला टप्पाच सर्वांत कठीण ठरतो.

जिल्ह्याच्या उत्तरेस तळोदा–धडगाव मार्गावरील चांदशैली घाट आणि अक्कलकुवा–मोलगी मार्गावरील देवगोई घाट, तसेच तोरणमाळकडे जाणारा रस्ता यांवर तीव्र चढ-उतार व वळणे आहेत. धुळे–सुरत महामार्गावर कोंडाईबारी घाट लागतो. सपाटीवर नेहमी ओढले जाणारे वजन या रस्त्यांसाठी प्रमाण मानता येत नाही. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम भागात पिकअप वाहनांतून माणसांचीही ने-आण होते. हौद्यात उभ्या असलेल्या माणसांमुळे वाहनाचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो.

योग्य जोडणीची निवड

• वजन: अंदाजावर न विसंबता भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर तोलावी. मार्गातील सर्वांत तीव्र चढ-उतार लक्षात घेऊन भार ठरवावा.
• ट्रॉलीचा प्रकार: दुचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येऊन पकड वाढते, मात्र पुढची चाके हलकी होतात, त्यासाठी पुढे वजने बसवतात. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतःच पेलते.
• जोडणीची उंची: ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. मागील आसापेक्षा उंच ठिकाणी जोडल्यास ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो.
• पिन व साखळी: पिनला अडकण (लॉक) असावी. पिन निसटल्यास ट्रॉली सुटू नये म्हणून सुरक्षा साखळी लावावी.
• ब्रेक: ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक-पेडल शेतात वळण्यासाठी स्वतंत्र वापरता येतात, रस्त्यावर ते एकत्र जोडणे आवश्यक आहे. अवजड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असावेत.
• उतार: उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये वाहन सोडू नये.
• दृश्यता: मागील दिवे व परावर्तक पट्ट्या उसाच्या टोकांनी झाकल्या जाऊ नयेत.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी आवश्यक असते. नंदुरबार जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेतांक एमएच-३९ आहे. कलम ११३ मध्ये वजनमर्यादेची तरतूद असून, २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ अन्वये मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जास्तीचा माल उतरवून घेण्याचा खर्चही संबंधितावर पडतो.

मानके व चाचण्या

अमेरिकेत पिकअपची ओढक्षमता ‘जे २८०७’ या मानकानुसार तपासली जाते. त्यात ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅम येथील सुमारे १८ किलोमीटरचा चढ ट्रेलरसह ठरावीक किमान वेगाने पार करण्याची कसोटी आहे. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते आणि तिच्या अहवालात ड्रॉबारवरील ओढीची नोंद असते.

हेही पहा

• ट्रॅक्टर
• घर्षण
• सातपुडा
• नंदुरबार जिल्हा