वेगाचा लगाम : खडकीचे रस्ते आणि गतिरोधक



खडकी हें नांव घेतलें म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस आठवतो. त्या दिवशीं पेशव्यांचे सेनापति बापू गोखले यांनीं आपलें घोडदळ इंग्रजांच्या फळीवर सोडलें. घोडे भरधांव निघाले. परंतु इंग्रजांच्या डाव्या बाजूपुढें खोल दलदल होती आणि ती कोणाच्याच ध्यानांत आलेली नव्हती. पुढचे घोडे तींत कोसळले. मागच्या स्वारांना लगाम खेंचण्यास अवसर मिळाला नाहीं, आणि ते पुढच्यांवर जाऊन आदळले. हल्ल्याचा जोर तेथेंच मोडला. या लढाईचे राजकीय परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यांतून आज एवढीच गोष्ट घ्यावयाची आहे कीं, वेगानें जाणाराला न दिसणारा अडथळा हा शत्रूच्या गोळीइतकाच घातक असतो.

त्याच खडकींत, आणि एकंदर पुण्यांतच, आज वस्तीच्या रस्त्यांवर वेग मोडण्यासाठीं मुद्दाम अडथळे बांधण्यांत येतात. सरकारी कागदांत त्यांना गतिरोधक म्हणतात. लोकांच्या तोंडीं स्पीडब्रेकर हाच शब्द आहे. ज्यांचीं मुलें रस्त्याकडेला खेळतात ते म्हणतात, आमच्या दारापुढें एक हवाच. ज्यांना रोज दुचाकीवरून कामास जावें लागतें ते म्हणतात, यांनीं आमचीं कंबरडीं मोडलीं. दोन्ही पक्ष खरें बोलतात. म्हणून हा वाद मुळांत कशामुळें उत्पन्न झाला, हें पाहणें अगत्याचें आहे.

पूर्वीं वेगाला निराळा लगाम लावावा लागत नसे. बैलगाडी माणसाच्या पावलानें चाले. टांग्याचें जनावर दमे. आणि रस्त्यांतले खांचखळगे घाई करणाराला तेथल्या तेथें शिक्षा देत. खडकीच्या लढाईनंतर येथें इंग्रजांची छावणी वसली. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला होऊन मुंबईची वाट सोपी झाली. १८५८ सालीं आगगाडी पुण्यास पोहोंचली आणि १८६९ सालीं खडकींत दारूगोळ्याचा कारखाना निघाला. छावणीचे रस्ते आंखले गेले ते पलटणी, तोफा आणि रसद यांच्या सोयीसाठीं. परंतु कारखान्याबरोबर कामगार आले, कामगारांबरोबर बाजार आला, शाळा आल्या, देवळें, मशिदी आणि गिरजाघरें उभीं राहिलीं. कूच करण्यासाठीं केलेल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना संसार थाटले गेले. आजच्या तंट्याचें बीज येथेंच आहे. रस्ता एका कामासाठीं आंखला गेला आणि त्यावर दुसरेंच जीवन वाढलें.

तरीही मोटार येईपर्यंत हीं दोन कामें एकत्र नांदत होतीं. मोटारीचें भय प्रथम विलायतेंत किती वाटलें, तें १८६५ च्या तेथील कायद्यावरून दिसतें. यांत्रिक गाडीनें गांवांत तासास दोन मैल आणि बाहेर चार मैल याहून जलद जाऊं नये, व तिच्यापुढें एका माणसानें तांबडें निशाण घेऊन चालावें, असा तो नियम होता. १८९६ सालीं तो गेला. आपल्याकडे १९१४ सालीं मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. पुढें १९२७ सालीं रस्त्यांच्या सुधारणेसाठीं जी समिति नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. तिच्याच शिफारशींतून १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेशास्त्राची संस्था जन्मास आली. रस्ते गुळगुळीत झाले, आणि खळग्यांचा जो एक स्वाभाविक लगाम होता तो सुटला. पुढें याच मुंबई रस्त्यावर आकुर्डीस स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९७२ सालीं लूना निघाली. आणि सायकलींचें म्हणून नांवाजलेलें पुणें दुचाकी यंत्रांचें शहर झालें.

सुटलेला लगाम पुन्हां घालण्याची कल्पनाही जुनीच आहे. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील चॅटम या गांवीं १९०६ सालीं पादचाऱ्यांच्या ओलांडणीची जागा रस्त्याहून पांच इंच उंच केली होती, ती मोटारवाल्यांना आवर घालण्यासाठींच. १९५३ सालीं सेंट लुई येथें विद्यापीठाच्या आवारांतून मोटारी फार जोरानें जातात हें पाहून ऑर्थर कॉम्प्टन यांनीं अशा उंचवट्यांची नवी आंखणी केली. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक १९२७ सालीं मिळविणारे कॉम्प्टन तेच हे. मग १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील रस्तेसंशोधन प्रयोगशाळेंत शास्त्रशुद्ध प्रयोग झाले, आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली. अरुंद व टोकदार उंचवट्यावरून मोटार जितकी जोरानें न्यावी, तितका आंतल्या माणसाला धक्का कमी बसतो, कारण तो सारा चाकें आणि स्प्रिंगा सोसतात. म्हणजे असा उंचवटा सावकाश जाणाराला छळतो आणि उतावळ्याला सोडून देतो! उलट रुंद आणि गोल पाठीचा उंचवटा हळू जाणाराला अलगद उचलून खालीं ठेवतो. जोरानें येणाराला मात्र उसळवतो.

इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत हाच गोल उंचवटा सांगितला आहे. त्याची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर; त्यावरून तासीं सुमारें २५ किलोमीटर वेगानें सुखानें जातां यावें. त्यावर काळेपांढरे पट्टे असावेत आणि अलीकडे सूचनाफलक असावा. तो कोठें घालावा? तर वस्तींतील निवडक रस्ते, शाळा व रुग्णालयें यांचीं आवारें, आणि लहान रस्ता मोठ्या रस्त्यास मिळतो ती जागा. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकावेत, असें केंद्र सरकारनें २०१६ सालीं कळविलें.

आतां गुणदोष तोलूं. तासीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर पुढें जाते. चालकानें मूल पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच हें अंतर सरतें. वेग निम्मा केला तर आघाताची शक्ति निम्मी होत नाहीं, चौथाई होते. मूल वांचणें न वांचणें पुष्कळदां या हिशेबावर असतें. कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरांतला एक अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. घराजवळ असे उंचवटे असलेल्या मुलांना आपल्या वस्तींत मोटारीनें इजा होण्याचा संभव इतरांच्या मानानें सुमारें निम्माच आढळला. शिवाय गतिरोधक रात्रीं झोंपत नाहीं, रजेवर जात नाहीं आणि कोणाची ओळख पाहत नाहीं.

दुसरें पारडेंही हलकें नाहीं. रुग्णवाहिकेला आणि आगीच्या बंबाला प्रत्येक उंचवट्यावर कांहीं सेकंद मोडावे लागतात. मणका दुखावलेल्या रोग्याला आणि गरोदर बाईला तो धक्का नकोसा होतो. ब्रेकचा आणि पुन्हां वेग घेण्याचा आवाज व धूर शेजारच्याच घरांत शिरतो. पावसाळ्यांत आडवा उंचवटा बांधासारखें पाणी अडवितो. कित्येक वाहनें तो रस्ता टाळून पलीकडच्या बोळांत शिरतात आणि एका आळीचें दुखणें दुसरीच्या गळ्यांत पडतें. सर्वांत मोठा दोष मात्र त्यांच्या घडणींत आहे. रातोरात टाकलेला डांबराचा ढीग, वीतभर रुंदीची रबरी पट्टी, उडालेले पट्टे आणि वर अंधार, असें ठायीं ठायीं दिसतें. चारचाकी त्यावरून हिसका खाऊन जाते. दुचाकीवाला पडतो, आणि मागें एका बाजूला बसलेली त्याची बायको किंवा आई त्याच्याआधीं पडते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०१५ या एका सालीं देशांत गतिरोधकांपाशीं ११,००० हून अधिक अपघात घडले आणि ३,४०० च्या वर माणसें दगावलीं. १८१७ ची दलदल निसर्गाची होती. तिचा जाब कोणाला विचारणार? हा उंचवटा माणसानें घातलेला आहे.

आणि जाब विचारावयाचा तरी कोणाला, हा खडकीसारख्या ठिकाणीं सोपा प्रश्न नाहीं. छावणीची हद्द ओलांडून बोपोडीस जावें तों पुणें महानगरपालिकेची हद्द लागते. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडावी तों दापोडीस पिंपरी-चिंचवडची. चाकाला हद्द समजत नाहीं; अर्जाला मात्र ती दर टेबलावर विचारली जाते. मग कंटाळलेले रहिवासी आपणच सिमेंट कालवून उंचवटा घालतात. त्यांचें भय खरें असतें. परंतु त्या भयानें दुसऱ्याच्या घरच्या माणसाचा जीव धोक्यांत येतो.

तेव्हां माझा निष्कर्ष असा कीं, गतिरोधक हवेत, परंतु वस्तीच्या आंतल्या रस्त्यांवर, आणि मापानेंच. मुंबईस जाणारा मोठा रस्ता त्यांनीं अडवूं नये. तेथें दिवा, पोलीस आणि पादचाऱ्यांची नीट ओलांडणी हेच उपाय होत. आळींतल्या रस्त्यावर मात्र खेळणाऱ्या मुलाचा हक्क घाईंत असलेल्या वाहनापेक्षां मोठा मानला पाहिजे. आपल्या दारापुढें गतिरोधक मागतांना आपण नुसता उंचवटा मागूं नये. त्याचें माप, त्यावरचे पट्टे, अलीकडचा फलक, वरचा दिवा आणि पावसाच्या पाण्याची वाट हीं सर्व एकाच अर्जांत मागावीं; आणि तो कोणत्या कचेरीनें, कोणत्या दिवशीं घातला याची नोंद सर्वांना पाहतां येईल अशी ठेवावयास लावावी. ज्या उंचवट्याचा धनी ठाऊक आहे, त्याचे पट्टे उडाले तर ते पुन्हां कोणी रंगवावयाचे हेंही ठाऊक असतें.