ओझचा जादूगार आणि ॲबर्डीनचा संपादक

२० डिसेंबर १८९०. अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यातल्या ॲबर्डीन गावात 'सॅटर्डे पायोनियर' या साप्ताहिकाचा अंक निघाला. पाच दिवसांपूर्वीच लाकोटा लोकांचे वृद्ध नेते सिटिंग बुल यांना अटक करायला आलेल्या पोलिसांनी गोळ्या घातल्या होत्या. संपादकांनी त्यावर अग्रलेख लिहिला. आधी सिटिंग बुल यांच्याबद्दल दोन आदराचे शब्द, आणि मग निष्कर्ष असा की गोऱ्या वस्त्यांना सुरक्षित राहायचं असेल तर उरलेसुरले मूळ रहिवासी पुरते संपवले पाहिजेत. नऊ दिवसांनी वुंडेड नी इथं अमेरिकी घोडदळानं लाकोटांच्या एका तळाला वेढा घातला. हत्यारं काढून घेणं चालू असताना गोळीबार सुरू झाला. बायका-मुलांसह किती माणसं मेली याचे आकडे दीडशेपासून तीनशेपर्यंत सांगितले जातात. ३ जानेवारी १८९१ च्या अंकात त्याच संपादकांनी तीच मागणी पुन्हा केली. या वेळी सोबत एक कबुलीही होती. शतकानुशतकं आपण या लोकांवर अन्याय करत आलो हे खरं, पण आपली संस्कृती वाचवायची तर आणखी एक अन्याय करावा आणि त्यांना पृथ्वीवरून पुसून टाकावं, असा त्या मजकुराचा अर्थ होता.

या संपादकांचं नाव लायमन फ्रँक बॉम. साडेनऊ वर्षांनी त्यांचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ' हे पुस्तक आलं आणि जगभरातल्या मुलांनी ते डोक्यावर घेतलं.

मला हे फार उशिरा कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी ही गोष्ट वर्गात सांगत होते. पाऊस जोराचा असला, निम्मी मुलं आलीच नाहीत, तर अशा तासाला ही गोष्ट हमखास कामी येते. उर्दूच्या तासाला 'तिलिस्म' म्हटलं की मुलांचे कान टवकारतात, मराठीच्या तासाला 'बुजगावणं' म्हटलं की हशा पिकतो. कॅन्ससच्या रुक्ष माळावरची अनाथ डोरोथी चक्रीवादळात घरासकट उडते आणि ओझ देशात येऊन पडते. परत जायचं तर पाचूनगरीच्या जादूगाराला गाठायला हवं. वाटेत बुद्धी हवी असलेलं बुजगावणं भेटतं, हृदय हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या भेटतो, हिंमत हवी असलेला सिंह भेटतो. जादूगार म्हणतो, आधी पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला मारा, मग बोलू. शेवटी कळतं की हा जादूगार म्हणजे ओमाहा गावचा एक साधा माणूस, फुग्यात बसून भरकटत आलेला. आवाज बदलून बोलायची कला तेवढी अवगत!

मध्यंतरी 'विकेड' सिनेमा पाहून आलेल्या आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, चेटकीण खरंच वाईट होती का?" तिला धड उत्तर द्यावं म्हणून वाचायला बसले आणि चेटकिणीवरून लेखकाच्या चरित्रात, तिथून १८९० च्या त्या अंकांपर्यंत जाऊन पोचले.

बॉम यांचा जन्म १८५६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनॅंगो गावचा. वडिलांना तेलाच्या धंद्यात पैसा मिळालेला. मुलानं नाटक कंपनी काढून पाहिली, कोंबड्या पाळल्या, १८८६ साली कोंबड्यांच्या एका जातीवर पुस्तकही लिहिलं. तेच त्यांचं पहिलं पुस्तक. १८८८ मध्ये बायको-मुलांना घेऊन डकोटात आले आणि 'बॉम्स बझार' नावाचं दुकान थाटलं. दुष्काळी मुलूख, शेतकऱ्यांच्या हातात पैसा नाही, उधारी वाढत गेली. दुकान बुडालं. मग वर्तमानपत्र चालवायला घेतलं, १८९१ मध्ये तेही गेलं. शिकागोला येऊन चिनी मातीच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. दुकानांच्या काचेमागे माल कसा मांडावा यावर एक मासिकही काढलं. मुलांना रात्री सांगितलेल्या गोष्टी कागदावर आल्या त्या या धडपडीच्या काळात.

या कहाणीत त्यांच्या सासूबाई फार महत्त्वाच्या आहेत. मटिल्डा जोस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या बिनीच्या कार्यकर्त्या. इरोक्वाय लोकांमध्ये बायकांना असलेल्या अधिकारांबद्दल त्यांनी आदरानं लिहिलं होतं, आणि १८९३ मध्ये मोहॉक लोकांनी त्यांना आपल्या लांडगा कुळात मानानं सामावून घेतलं. जावयाच्या लेखणीवर त्यांचा प्रभाव दिसतो. दक्षिण डकोटात बायकांना मत मिळावं म्हणून 'पायोनियर'नं जोरदार बाजू मांडली. ओझमध्येही खरी सत्ता असते ती ग्लिंडाकडे, पुढच्या पुस्तकांत ओझ्माकडे. म्हणजे मूळ रहिवासी हीही माणसं आहेत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, हे सांगणारं माणूस बॉम यांच्या घरातच होतं. इतका प्रगत विचार ज्या घरात, तिथूनच तो अग्रलेख आला.

काही अभ्यासक म्हणतात की ते अग्रलेख उपरोधानं लिहिलेले आहेत. मी त्यावर खूप विचार केला, कारण मलाही तसंच असावं असं वाटत होतं. नोव्हेंबर १८९० मध्ये याच पत्रात बॉम यांनी 'इंडियन हल्ला करणार' या अफवांची टर उडवली होती, हेही त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. पण दुसरा अग्रलेख मृतदेह पडल्यानंतर आला आहे आणि त्यात पहिल्याची आठवण करून देत तीच मागणी पुढे रेटली आहे. एवढ्या प्रेतांसमोर उपरोध करणाऱ्याला आपला उपरोध वाचकाला कळतोय की नाही, याची काळजी घ्यावी लागते. ती तिथं कुठं दिसत नाही. सरहद्दीवरचं एक घाबरलेलं गाव, बुडत चाललेलं वर्तमानपत्र आणि वाचकांना जे ऐकायचं आहे ते लिहिणारा संपादक, एवढंच मला दिसतं. अशी वर्तमानपत्रं वाचायची सवय आपल्यालाही आहे.

हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं. आणि तिथं वेगळाच माणूस भेटला.

पाचूनगरीच्या वेशीवर पहारेकरी प्रत्येकाला हिरव्या काचांचा चष्मा घालतो आणि सोन्याच्या किल्लीनं मागून कुलूप लावतो. रहिवाशांनाही तो चष्मा रात्रंदिवस सक्तीचा. शहर मुळात फारसं हिरवं नाहीच. जादूगार नंतर स्वतःच सांगतो की लोकांनी इतकी वर्षं तो चष्मा वापरलाय की आपलं शहर पाचूचंच आहे असं त्यांना वाटतं. १९३९ च्या सिनेमात हा चष्मा नाही, म्हणून बऱ्याच जणांना ही गोष्ट ठाऊकच नसते.

दुसरं, ती उडती माकडं. सिनेमात ती नुसती भीतिदायक आहेत. पुस्तकात त्यांचा राजा डोरोथीला आपला इतिहास सांगतो: आम्ही एकेकाळी जंगलात मोकळे होतो, आमच्यावर कोणी मालक नव्हता. मग एका खोडीची शिक्षा म्हणून सोन्याच्या टोपीचा हुकूम आमच्या माथी आला. टोपी ज्याच्या हातात, त्याचं काम तीनदा करायचं. चेटकिणीनं टोपी मिळवली आणि या माकडांकरवी विंकी लोकांना गुलाम केलं. पुढे एक चिनी मातीच्या माणसांचा देशही येतो. तिथली राजकन्या डोरोथीला विनवते की मला तुझ्याबरोबर नेऊ नकोस, इथून बाहेर काढलं की आम्ही ताठरतो, शोभेच्या वस्तू होऊन उभे राहतो. डोरोथी ऐकते. आपल्या प्रदेशातून उचलून नेलेल्या माणसांचं काय होतं, हे त्या लेखकाला समजत होतं. किमान गोष्टीत तरी समजत होतं.

पुस्तकाची पुढची वाटचाल लेखकाच्या हातातून निसटत निसटतच झाली. पहिली आवृत्ती १९०० ची, चित्रं डेन्स्लो यांची, दोघांचं पुढे भांडण. १९०२ मध्ये शिकागोत संगीत नाटक आलं, पुढच्या जानेवारीत ब्रॉडवेवर गेलं. त्यात डोरोथीच्या टोटो कुत्र्याऐवजी चक्क गाय होती, आणि दुष्ट चेटकीण काढूनच टाकलेली! नाटक तुफान चाललं. १९०८ मध्ये बॉम स्वतः फिल्म, रंगीत स्लाइड आणि वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरले. खर्च इतका झाला की १९११ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. १९१० च्या पुस्तकात त्यांनी ओझ देश बाहेरच्या जगाला कायमचा अदृश्य करून मालिका संपवली होती, पण पैशाची गरज आणि मुलांची पत्रं यामुळं १९१३ मध्ये पुन्हा लिहायला बसले. एकूण चौदा पुस्तकं झाली, शेवटचं त्यांच्या मृत्यूनंतर, १९२० मध्ये. त्यांच्या मागून इतर लेखकांनी मालिका चालू ठेवली.

ज्युडी गार्लंडच्या १९३९ च्या सिनेमानं पुस्तकातले चांदीचे बूट माणकाचे केले, कारण रंगीत फिल्मवर लाल रंग खुलून दिसतो. त्यातला एक जोड डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेला. मोठा बदल मात्र दुसराच होता. पुस्तकात ओझ हा खराखुरा देश आहे, सिनेमात तो डोरोथीला पडलेलं स्वप्न आहे. त्याच १९३९ साली मॉस्कोत गणित शिकवणारे अलेक्सांद्र वोल्कोव यांनी इंग्रजीचा सराव म्हणून केलेला अनुवाद हवा तसा बदलून छापला. डोरोथीची एली झाली, आणि सोव्हिएत मुलांच्या कित्येक पिढ्या ती गोष्ट वोल्कोव यांचीच म्हणून वाचत राहिल्या. एका मास्तरांनी सरावाच्या वहीतून केवढं काम करून ठेवलं, याचं मला शिक्षिका म्हणून फार अप्रूप वाटतं.

१९७५ मध्ये ब्रॉडवेवर 'द विझ' आलं. सगळे कलाकार कृष्णवर्णीय. त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सात टोनी पुरस्कार मिळाले. १९७८ च्या सिनेमात डायना रॉस डोरोथी झाली, मायकल जॅक्सन बुजगावणं, आणि पाचूनगरीचं न्यूयॉर्क झालं. ज्यांच्यासाठी बॉम यांनी लिहिलं नव्हतं, त्यांनी गोष्ट आपली करून घेतली.

'विकेड' ही ग्रेगरी मॅग्वायर यांची कादंबरी १९९५ ची, संगीत नाटक २००३ चं, सिनेमाचा पहिला भाग नोव्हेंबर २०२४ चा. हिरव्या कातडीच्या त्या चेटकिणीला मॅग्वायर यांनी एल्फाबा हे नाव दिलं ते एल. फ्रँक बॉम यांच्या आद्याक्षरांवरून. या गोष्टीत ओझमधले बोलणारे प्राणी हळूहळू नोकऱ्यांतून आणि विद्यापीठांतून हाकलले जातात. शिकवणाऱ्या एका बोकडाची वाचाच जाते. जादूगाराला राज्य टिकवायला एक शत्रू हवा असतो, आणि त्या प्राण्यांची बाजू घेणाऱ्या एल्फाबाला 'दुष्ट' ठरवणं सोयीचं पडतं. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथूनच आलेला. बॉम यांच्या अग्रलेखाला इतकं नेमकं उत्तर दुसरं कुठलं मी वाचलेलं नाही, आणि ते त्यांच्याच चेटकिणीच्या तोंडून आलं आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये बॉम यांच्या दोन वंशजांनी दक्षिण डकोटात जाऊन सू लोकांची त्या अग्रलेखांबद्दल माफी मागितली. अग्रलेखांना तेव्हा ११५ वर्षं उलटून गेली होती.

आठवीच्या मुलांना हे सगळं सांगावं का, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं, वुंडेड नीसकट. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एकानं विचारलं, पुस्तक शाळेच्या कपाटातून काढून टाकायचं का? त्यावर तिघे-चौघे एकदम बोलायला लागले, कोणी हो म्हणालं, कोणी नाही. मी कुणाला थांबवलं नाही. गलका कमी झाल्यावर ज्या मुलीमुळं हे सगळं सुरू झालं ती म्हणाली, "टीचर, त्या माकडांचं पुढे काय झालं, ते सांगा आधी." पुस्तक टेबलावरच होतं. ग्लिंडा सोन्याची टोपी माकडांच्या राजाला परत देते, ते पान मी काढलं आणि वाचायला सुरुवात केली.