ढकलगाडीवरचे गणकयंत्र

मोठ्या किराणा दुकानातील ढकलगाडीवर, जिला आपण ट्रॉली म्हणतो, संगणक बसवावा ही कल्पना अनेकांना आजकालची वाटते. वस्तुतः ती पस्तीस वर्षांहून जुनी आहे. आणि खुद्द गाडीचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून तिचे यशापयश उलगडत नाही.

१९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉण्डर्सने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले. तोवर गिऱ्हाइकाने गुमास्त्याला यादी सांगावी व त्याने जिन्नस काढून द्यावेत, हीच तिकडेही वहिवाट होती. सॉण्डर्सने गिऱ्हाइकाच्याच हाती टोपली दिली. गुमास्त्याचे अर्धे काम गिऱ्हाइकाच्या अंगावर पडले, आणि त्याने ते हौसेने पत्करले! आम्हां कारकुनी पेशातल्यांना या घटनेकडे अगदी निर्विकारपणे पाहता येत नाही, हे कबूल केले पाहिजे.

परंतु टोपली जड झाली की खरेदी थांबते. ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याने हे हेरले. घडीच्या खुर्चीवरून त्याला युक्ती सुचली. फ्रेड यंग या कारागिराच्या साह्याने त्याने सांगाड्याला चाके लावली, वर-खाली दोन टोपल्या बसविल्या आणि १९३७ च्या जूनमध्ये गाड्या दुकानात आणल्या. गिऱ्हाइके त्यांच्याकडे फिरकेनात. तरुणांना वाटले, आपण दुबळे दिसू. स्त्रियांना त्या बाबागाडीसारख्या वाटल्या. अखेरीस गोल्डमनने निरनिराळ्या वयांची माणसे पगारावर नेमून त्यांच्याकडून गाड्या ढकलविल्या, तेव्हा कोठे इतरांची भीड चेपली. पुढे १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने गाडीची मागील जाळी बिजागरीवर उचलली जाईल अशी केली. एक गाडी दुसरीच्या पोटात शिरू लागली व जागेचा प्रश्न मिटला. ही सुधारणा दिसायला क्षुल्लक. पण पुढच्या प्रत्येक यंत्रशोधकाला तिच्याशी झगडावे लागले.

१९८८ च्या सुमारास शिकागोच्या एका कंपनीने 'व्हिडिओकार्ट' पुढे आणले. गाडीच्या दांड्यावर पडदा. विशिष्ट मांडणीजवळ गाडी आली की त्या मालाची जाहिरात झळके. सोबत दुकानाचा नकाशाही असे, परंतु यंत्राचा खरा मालक जाहिरातदार होता. काही वर्षांतच तो उद्योग बसला. आमच्या मते येथे दोष केवळ यंत्राचा नव्हता. गोल्डमनच्या गाडीने गिऱ्हाइकाचा हात मोकळा केला होता, या गाडीने त्याचे डोळे मात्र अडविले.

२००३ मध्ये जर्मनीतील राइनबर्ग येथे 'मेट्रो' कंपनीने, आणि त्याच सुमारास अमेरिकेत 'स्टॉप अँड शॉप'ने, गाडीवरील यंत्राने गिऱ्हाइकानेच मालाची नोंद करावी असा प्रयोग केला. 'स्टॉप अँड शॉप'चे यंत्र पुढे गाडीवरून उतरून हातात आले, याचे नवल नाही. गाडी आपटते, उन्हापावसात वाहनतळावर पडून राहते. तिच्यावर महागडा पडदा बसवावयाचा, आणि शेकडो गाड्यांच्या बॅटऱ्या रोज भारावयाच्या! कोणत्याही भांडारपालाला धडकी भरावी असाच हा कारभार.

२०२० मध्ये अॅमेझॉनने कॅमेरे व वजनकाटा असलेली 'डॅश कार्ट' जाहीर केली. तीत प्रथम दोनच पिशव्या मावत. २०२२ च्या आवृत्तीत चार मावू लागल्या, आणि ती वाहनतळापर्यंत नेण्याचीही मुभा मिळाली. त्याच वर्षी 'केपर' गाड्यांनी एकमेकींत रचलेल्या स्थितीतच भारित होण्याची सोय साधली. वॉटसनशी तह व्हावयास अशी शहात्तर वर्षे लागली.

२०२४ मध्ये अॅमेझॉनने आपल्या अमेरिकेतील 'फ्रेश' दुकानांतून, माल उचलून सरळ बाहेर पडण्याची छतावरील कॅमेऱ्यांची यंत्रणा काढून घेतली व तिच्या जागी या गाड्या आणल्या. त्या यंत्रणेमागे भारतात बसून सुमारे हजार माणसे चित्रणे तपासत होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यांचे काम निराळ्या स्वरूपाचे होते, असा कंपनीने खुलासा केला. मेम्फिसच्या दुकानातून १९१६ साली उठलेला गुमास्ता कोठे जाऊन बसला असेल, या विचारात आम्ही ते वृत्त दोनदा वाचले.