साइट वेगवेगळ्या, लॉगिन पेज एकच: सिंगल साइन-ऑनमध्ये पेजचं रूप कसं बदलतं?

यूट्यूबवर 'साइन इन' दाबलं की उघडणारं पेज यूट्यूबचं नसतं. ॲड्रेस बारमध्ये पाहा, तिथे 'अकाउंट्स डॉट गुगल डॉट कॉम' असं असतं. जीमेलमधून गेलात तरी तेच पेज येतं. फरक फक्त एका ओळीचा असतो. पुढे यूट्यूबवर जायचं आहे की जीमेलवर, ते त्या ओळीत लिहिलेलं असतं.

एकदा लॉगिन करून अनेक साइट किंवा ॲप वापरता येणं म्हणजे सिंगल साइन-ऑन. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली 'मेरी पहचान' ही सेवाही याच तत्त्वावर चालते.

मग प्रत्येक साइट आपल्याच पत्त्यावर पासवर्ड का विचारत नाही?

कारण कुकी. लॉगिन झाल्यावर साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवते. पुढच्या वेळी ती नोंद बघून साइट तुम्हाला ओळखते. पण एका डोमेनची कुकी दुसऱ्या डोमेनला द्यायची नाही, हा ब्राउझरचा पक्का नियम आहे. मराठी विकिपीडिया आणि इंग्रजी विकिपीडिया दोन्ही 'विकिपीडिया डॉट ऑर्ग'च्या पोटात असल्यामुळे त्यांना एक कुकी चालते. विक्शनरीचं डोमेन मात्र वेगळं आहे. संस्था तीच असली तरी ब्राउझरच्या लेखी ती परकी साइट.

या अडचणीचं विकिमीडिया हे चांगलं उदाहरण आहे. सगळ्या विकींसाठी एकच खातं ठेवण्याची सोय तिथे २००८ मध्ये आली आणि २०१५ मध्ये उरलेली सगळी खातीही एकत्र झाली. तुम्ही एका विकीवर लॉगिन केलं की पडद्याआडून इतर डोमेनवरही तुमचं लॉगिन करून घेतलं जायचं. पुढे जाहिरातदारांची पाळत रोखण्यासाठी ब्राउझर दुसऱ्या साइटच्या कुकी अडवू लागले. सफारीने २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. जाहिरातदारांसाठी लावलेल्या या कुलपात विकिमीडियाचं लॉगिनही अडकलं. शेवटी २०२५ मध्ये लॉगिन 'ऑथ डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग' या एकाच पत्त्यावर हलवण्यात आलं. मराठी विकिपीडियावरून गेलात तर हे पेज मराठीत दिसतं, कारण तुम्ही कोणत्या विकीवरून आलात याचा संकेत पत्त्यातच पुढे जोडलेला असतो.

पेजला आपलं रूप कसं कळतं?

प्रत्येक साइट किंवा ॲपची लॉगिन सेवेकडे आधी नोंदणी होते. त्याला एक ओळख क्रमांक मिळतो आणि लॉगिननंतर माणसाला परत कुठे पाठवायचं ते पत्तेही तिथे लिहून ठेवले जातात. तुम्ही 'लॉगिन' दाबलंत की तो क्रमांक तुमच्याबरोबर जातो. लॉगिन पेज आपल्या वहीत पाहून त्याप्रमाणे लोगो, रंग, भाषा आणि मजकूर लावतं. 'कीक्लोक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळी थीम लावता येते. मायक्रोसॉफ्टची पद्धत थोडी निराळी आहे. ऑफिसचं खातं उघडताना आधी साधं पेज दिसतं. ईमेल टाकला की त्यातल्या 'ॲट'नंतरच्या भागावरून कंपनी ओळखली जाते आणि मग कंपनीचा लोगो, पार्श्वभूमी येते.

गडबड होते ती परतीच्या पत्त्यात. लिंकमध्ये लिहिलेल्या कोणत्याही पत्त्यावर लॉगिननंतर माणसाला सोडून द्यायचं ठरवलं, तर भामटा तिथे स्वतःचा पत्ता घालेल. पेज खरं, पासवर्डही खऱ्या जागी टाकलेला, पण पुढचा दरवाजा चोराच्या घरात उघडणारा! म्हणून परतीचा पत्ता नोंदणीतल्या यादीशी अक्षरशः जुळलाच पाहिजे. लोगो-रंग बदलू द्यायला हरकत नाही, पण पासवर्ड टाकायच्या पेजवर बाहेरची स्क्रिप्ट चालू देऊ नये. ती तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वाचू शकते.

काही कंपन्यांना लॉगिनचा पत्ताही प्रत्येक ब्रँडच्या नावाचा हवा असतो. दिसायला ते छान. पण पत्ते तीन झाले की कुकीही तीन होतात, आणि एकदाच लॉगिन करण्याची मूळ सोयच मोडते. ती टिकवायची तर मागे पुन्हा एक सामायिक पत्ता ठेवावा लागतो. पासकीही ज्या डोमेनसाठी बनवली त्याच्याशीच बांधलेली असते. त्यामुळे रूप हवं तितकं बदला, पत्ता एकच ठेवा, हेच बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं.

वापरणाऱ्याने काय पाहायचं?

लोगो आणि रंग कोणीही काही मिनिटांत नक्कल करू शकतो, म्हणून ओळखीचं रूप हा पुरावा नाही. पत्त्यातला पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. 'गुगल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन' हा पत्ता गुगलचा नाही, अमुकतमुकचा आहे. पासवर्ड मॅनेजर नेहमी पासवर्ड भरतो आणि आज गप्प बसला, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता पुन्हा पाहा. तो लोगो बघत नाही, डोमेन बघतो.

सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आणखी एक काळजी घ्या. एखाद्या साइटवर 'गुगलने साइन इन' करून शिरलात आणि नंतर फक्त त्या साइटमधून लॉगआउट केलंत, तर गुगल खातं त्या ब्राउझरमध्ये उघडंच राहतं. तिथून वेगळं लॉगआउट करावं लागतं.