बुजी : मेणाच्या वातीची कुळकथा

अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बेजाया नावाचं बंदर आहे. मध्ययुगात तिथलं मेण युरोपात जाई. फ्रेंच लोक या गावाला ‘बुजी’ म्हणत. तेच नाव मेणबत्तीला चिकटलं आणि पुढे शरीरातले आवळलेले मार्ग रुंद करणाऱ्या, मेणकापडाच्या सळईलाही. घशाच्या कर्करोगावर किरणोपचाराचा शेक घेतल्यानंतर आकसलेली अन्ननलिका आज ज्या लवचीक नळीने ताणतात, ती बुजीच. मेण केव्हाच गेलं, त्याचा मऊपणा मात्र टिकला. माझ्या मते हे साधन सुधारलं ते जोर वाढवून नव्हे, जोर आवरून.

1674 साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने गिळता न येणाऱ्या एका रुग्णाची हकिगत छापली. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची काडी, टोकाला स्पंजचा बोळा. प्रत्येक जेवणात तो रुग्ण स्वतःच तिने घास खाली ढकलत असे. विसाव्या शतकात आर्थर हर्स्टने रबरी नळीत पारा भरला. हाताच्या रेट्याऐवजी वजनच तिला खाली नेई. पुढे सावारी पद्धत आली: आधी बारीक तार अरुंद जागेपलीकडे सरकवायची, मग तिच्यावरून निमुळती, पोकळ नळी. वाट तार दाखवते, त्यामुळे नळी आंधळेपणाने भलतीकडे घुसत नाही. अडथळा हाताला जाणवू लागला की एका बैठकीत फार तर तीन मापं चढायची, दर वेळी 1 मिलिमीटर, असा जुना दंडक आहे.

यावर आक्षेप असा की ताणलेली जागा पुन्हा आवळते, मग हा उपचार कसला? आक्षेप खरा आहे. शेकाने आलेला कठीणपणा वर्षानुवर्षं वाढू शकतो, ताणल्याने तो नाहीसा होत नाही. पण 13 मिलिमीटरपेक्षा अरुंद अन्ननलिकेत घट्ट घास अडकतो. ती थोडी रुंद झाली की भाकरीचा तुकडा उतरतो, आणि माणूस पुन्हा पंगतीत बसतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा ताणून घ्यावं लागणं ही मोठी किंमत नव्हे. अन्ननलिका फाटण्याचा धोकाही आहे, म्हणूनच हे काम सरावलेल्या हातांचं. ताणायला बुजीऐवजी फुगा वापरला तर ताण चहूबाजूंनी सारखा पडतो हे कबूल, तरी त्याने बुजीवर स्पष्ट मात केल्याचं दिसलेलं नाही. आणि गिळण्याचे स्नायू वापराविना शिथिल पडतात. अन्नासाठी फक्त पोटात बसवलेल्या नळीवर विसंबलं, तर रुंद केलेली वाटही कामी येत नाही.

शेकानंतर घास अडकू लागला तर पेजेवर दिवस काढत बसू नका. डॉक्टरांना लगेच सांगा: तो आजार परतल्याचाही इशारा असू शकतो, आणि नसला तर वाट रुंद करता येते.