अध्यक्षपदाचे उमेदवार आणि लहान देणगीदार

अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं प्रत्येक पक्षाला आपला उमेदवार ठरवावा लागतो. हें काम पुढाऱ्यांनीं बंद खोलींत न उरकतां राज्याराज्यांतील मतदारांकडे सोंपविण्याची जी रीत तेथें पडली आहे, तिला प्राथमिक निवडणूक म्हणतात. रीत लोकसत्तेला शोभणारी खरी, पण भारी खर्चाची. एकाच पक्षाचे अनेक उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि ज्याला धनिकांचा आश्रय नाहीं त्याला सामान्य माणसाच्या दारीं जाण्यावांचून गत्यंतर नसतें.

१९७१ च्या जानेवारींत दक्षिण डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीं त्यासाठीं टपालाचा मार्ग धरला. व्हिएतनामचें युद्ध थांबावें असें वाटणाऱ्या असंख्य घरांत त्यांचें सात पानांचें पत्र जाऊन पडलें, आणि उत्तरादाखल लहान लहान रकमा येऊं लागल्या. थेंबे थेंबे तळें सांचतें. मात्र थेंब मागावयासही टपालहंशील भरावें लागतें! १९७२ सालीं मॅकगव्हर्न यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, परंतु नोव्हेंबरांत ते पन्नासांपैकीं एकोणपन्नास राज्यें हरले. वर्गणीदारांची निष्ठा म्हणजे देशाचें मत नव्हे.

त्याच निवडणुकींतून वॉटरगेटचें प्रकरण उद्भवलें, आणि १९७४ सालीं नवा कायदा झाला. एका माणसानें एका उमेदवारास प्राथमिक निवडणुकीसाठीं १,००० डॉलरांहून अधिक देऊं नये, असें ठरलें. शिवाय प्रत्येक देणगीदाराच्या पहिल्या २५० डॉलरांपर्यंत, तो जितकें देईल तितकीच भर सरकारी निधींतून मिळावयाची होती. अट अशी कीं, उमेदवारानें आधीं वीस राज्यांत, प्रत्येकीं ५,००० डॉलर, असे लहान देणग्यांतूनच जमवून दाखवावे. हा निधीदेखील करदात्यांनीं आपल्या करपत्रकावर खूण करून दिलेल्या एकेका डॉलरचा! लहान देणगीला कायद्यानें दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

त्याची परीक्षा लगेच झाली. १९७६ सालीं रोनाल्ड रेगन हे स्वपक्षाचेच अध्यक्ष फोर्ड यांच्याविरुद्ध उभे राहिले. न्यू हॅम्पशायर, फ्लॉरिडा, इलिनॉय येथें एकामागून एक पराभव झाला, कर्ज चढलें. सरकारच्या उधळपट्टीवर सतत कोरडे ओढणारे रेगन याच सरकारी निधीचे लाभार्थी होते, आणि नेमका तोच निधि मार्चच्या अखेरीस आटला. निधि वांटणाऱ्या आयोगाच्या नेमणुकीची पद्धत सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविली होती. नवा आयोग होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, कोणासच पैसा मिळेना. उत्तर कॅरोलायना तेवढें रेगन यांनीं २३ मार्च रोजीं जिंकलें होतें. ३१ मार्चला त्यांनीं दूरचित्रवाणीवरून अर्धा तास भाषण केलें आणि शेवटीं मदत मागितली. दहा लाखांहून अधिक डॉलर आले. मे महिन्याच्या आरंभीं त्यांनीं टेक्सस जिंकलें. उमेदवारी अखेर फोर्ड यांनाच थोडक्या मतांनीं मिळाली. पण त्या वसंतांत लहान देणगीदार नसते तर रेगन यांना रणांगण सोडावें लागलें असतें.

सरकारी भर घेणारास खर्चाची मर्यादाही पाळावी लागे, आणि तेथेंच व्यवस्थेला ओहोटी लागली. १९९९ सालीं धाकट्या बुशांनीं ही भर नाकारली. त्यांच्यामागें धनिक होते. परंतु नोव्हेंबर २००३ मध्यें हॉवर्ड डीन यांनींही ती नाकारली, आणि त्यांचें बळ तर इंटरनेटवरून येणाऱ्या लहान देणग्यांतच होतें! तसें करावें कीं नाहीं, याचा कौल त्यांनीं आपल्या अनुयायांकडूनच घेतला.

पुढें सरकारऐवजीं पक्षच देणगीदारांचीं डोकीं मोजूं लागले. २०२३ सालीं रिपब्लिकन पक्षानें उमेदवारांच्या पहिल्या वादसभेसाठीं इतर अटींबरोबर निदान ४०,००० देणगीदारांची अट घातली. तेव्हां उत्तर डाकोटाचे धनाढ्य गव्हर्नर डग बर्गम यांनीं जाहीर केलें कीं, एक डॉलर देणाऱ्या ५०,००० जणांस आपण वीस डॉलरांचें भेटकार्ड देऊं. अट पुरी झाली. आणि २३ ऑगस्ट रोजीं मिलवॉकी येथील व्यासपीठावर बर्गम इतर सात उमेदवारांच्या रांगेंत उभे होते.